चिंचेच्या पाण्याचा हीटर

माझी बायको कांचन गेल्यापासून मॉरिस गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. गाडीचा कापडी टप लावलेला कांचनला कधी आवडला नाही. थंडीतसुद्धा ती शाल गुंडाळून उघड्या गाडीत बसायची आणि लखनौतला सगळा निशातगंज मोहल्ला आमच्याकडे बघायचा. घडी घातलेला टप मागे तसाच पडून राहिला आणि उंदरांनी खाल्ला. हीटर तर मीच बंद करून घेतला होता. मे महिन्यात त्याची झळ पायांना लागायची, म्हणून गजेंद्र मेकॅनिकने त्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या.

दीप्ती, माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात लखनौला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच. पण माहेरी आता मी एकटा. तिच्या सासूबाई, सुरेखाताई, कानपूरहून फोनवर सरळ बोलल्या. इस्पितळातून त्या दीप्तीला थेट कानपूरला नेणार होत्या, कारण एकट्या पुरुषाच्या घरी बाळंतिणीचं कोण करणार? त्यांचं चुकत नव्हतं.

दीप्तीने माझ्या हातातून फोन घेतला. "आई, मी माझ्या आईच्या गाडीतून माझ्या घरी जाणार. बस."

जानेवारीत, उघड्या गाडीतून? पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं. शेवटी ताई म्हणाल्या की गाडी गरम असेल आणि वारा लागत नसेल तर बघू. मला तेवढं 'बघू' पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली.

गजेंद्रने हीटर खोलला. आतल्या तांब्या-पितळेच्या बारीक नळ्या हिरव्या पडून बुजल्या होत्या. नवा हीटर मिळणार नाही आणि तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, घातलं तर नळ्यांचे झाळलेले जुने सांधे सुटतील, असं तो म्हणाला. मी हीटर घरात नेला आणि ओट्यावर ठेवून बघत बसलो. शेजारी कांचनचा पितळी डबा होता. तो ती दर दिवाळीला चिंचेने घासायची.

घरातली होती नव्हती तेवढी चिंच मी मोठ्या पातेल्यात कोळली, हीटर त्यात बुडवला आणि तेच पाणी नळ्यांतूनही ओतलं. सकाळी तो बाहेरून नव्या समईसारखा चमकत होता. आतून मात्र पाणी थेंबभरही जाईना. कोळ गाळायचा असतो, हे मला कोण सांगणार? गजेंद्रने पंक्चरवाल्याकडचा हवेचा पंप अंगणात आणून एक फुंकर मारली, तसा एक चिंचोका सुटून रस्त्यापलीकडच्या पानवाल्याच्या गल्ल्यावर आदळला.

"बाबूजी," गजेंद्र म्हणाला, "अच्छा हुआ निकल गया. बारिश में पेड़ निकल आता."

दीप्ती पोट धरून हसली. इतकी हसली की मला तिला खुर्ची द्यावी लागली. कांचन गेल्यानंतर आमच्या अंगणात कोणी असं हसलं नव्हतं. मग मीही हसलो.

टपाचं काम अमीनाबादच्या राजारामला दिलं. तो शामियाने शिवायचा. फाटका टप नमुना म्हणून रिक्षातून घेऊन गेलो आणि सांगितलं, काळं कॅनव्हास, जाड, वारा जाता कामा नये. कशासाठी, हे त्याने विचारलं, म्हणून तेही सांगितलं. टप बसवायला आला तेव्हा बाहेरून सगळं काळंच होतं. आत वाकून बघतो तर शामियान्याचं अस्तर, लाल-पिवळं, मधोमध मोठं फूल.

मी काही बोलायच्या आत राजाराम म्हणाला, "नन्हे मेहमान के सर पर काली छत? हमसे न होगा, साहब."

मुलगी झाली. घरी सोडायच्या सकाळी धुकं इतकं होतं की इस्पितळाचं फाटक दिसत नव्हतं. सुरेखाताई मारुती व्हॅन घेऊन आल्या होत्या. व्हॅनचं तोंड कानपूरच्या दिशेला होतं. मी मॉरिस तिच्या मागे लावली आणि इंजिन चालू ठेवलं. हीटरच्या दोन नळ्या पुन्हा आपल्या जागी होत्या.

ताई आधी एकट्याच आत बसल्या. टपाच्या कडेकडेने बोट फिरवून वारा येतो का ते पाहिलं. वर बघितलं आणि त्या फुलाकडे बघतच राहिल्या. मग हीटरपुढे हात धरला. बराच वेळ धरला. मग हवेत वास घेतला.

"आमटी कोणी केलीय?"

हीटर तापला की बाहेरच्या पट्ट्यांत राहिलेल्या चिंचेचा वास सुटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दीप्ती बाळाला घेऊन गाडीच्या दारात उभी होती. तिने डोळे मिटून एक श्वास घेतला आणि म्हणाली, "आई आहे घरात."

ताईंनी हात पुढे करून बाळ मांडीवर घेतलं, दीप्तीला पुढे हीटरजवळ बसायला सांगितलं आणि व्हॅनवाल्याला हाक मारली की भैया, सामान लेके पीछे-पीछे आओ, निशातगंज. सव्वा महिना त्या इथेच राहणार होत्या, हे मला व्हॅनवाल्याला मारलेल्या त्या हाकेतूनच कळलं.

धुक्यातून मी बैलगाडीच्या वेगाने निघालो. आत उबदार होतं आणि बाळ फुलाखाली झोपलं होतं.

घरी आल्यावर ताईंनी पदर खोचला. त्या वासाने त्यांना भूक लागली होती. आधी आमटी करते म्हणाल्या आणि चिंच कुठे आहे ते विचारलं. दीप्तीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी घेतली आणि बाजारात निघालो.