टॉवेलखालचा सौदा

मी आदगोंडा पाटलांच्या खांद्यावरचा टॉवेल बोलतोय. हसू नका. सांगलीच्या हळद बाजारात माझ्याइतकं ऐकलेलं आणि माझ्याइतकं गप्प बसलेलं दुसरं कुणी नाही.

माझा जन्म विट्याच्या यंत्रमागावर झाला. जन्मलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, पण हे आता कुणाला खरं वाटत नाही. बाजारात पहिल्याच दिवशी मला हळद लागली. नवरदेवाची हळद तरी आंघोळीला उतरते, माझी काही केल्या उतरली नाही. मालकांच्या बायकोनं, चंदनबालाकाकूंनी, मला दगडावर आपटून आपटून शेवटी हात टेकले.

माझं काम मात्र मानाचं. आमच्या पेढीवर सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. वर दोघांचे चेहरे देवळात बसल्यासारखे, खाली बोटांची कुस्ती. भोवती बाजार लोटला तरी भाव म्हणे दोघांनाच कळायचा. तिसरा मी असतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही! आणि एक नियम पक्का होता. माणूस तोंडानं काहीही बोलेल, पण टॉवेलखाली दाबलेलं बोट खोटं नसतं आणि तिथं ठरलेला सौदा फिरत नाही.

सत्याण्णव साली मालकांनी मला खांद्यावरून काढून गळ्याभोवती गुंडाळलं. तेही भर उन्हाळ्यात. लोकांना वाटलं, घसा धरलाय. खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या कानाखाली, मानेवर, सुपारीएवढी गाठ आली होती. ती दुखत नव्हती म्हणून मालक निश्चिंत आणि मला घोर. पुढं ती लिंबाएवढी झाली, तर मालकांनी मला आणखी एक वेढा दिला. झालं औषध!

सुट्टीला त्यांची लेक ब्राह्मी पुण्याहून आली. ती तिथं सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. दिवस मावळायच्या आत जेवणं चालली होती. मालकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या एका गिऱ्हाइकाला गाठ आलीया. कापायचं सोडून दुसरं काय निघालंय का गं?"

पोरगी खुलली. "अमेरिकेत प्रयोग चाललेत, अण्णा. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे कसं वागायचं याची शिकवण. 'आता वाढ पुरे' असं सांगणारं जनुक बिघडलं, की पेशी वाढतच सुटते. त्यातनंच कॅन्सरची गाठ होते. मग शास्त्रज्ञ सर्दीचा विषाणू घेतात, त्याची रोग करायची खोड मोडतात, त्याच्या पोटात चांगलं जनुक भरतात आणि गाठीत सोडतात."

"आन् त्याला घर कसं घावतं?"

"तुमच्या टॉवेलखाली चालतं तसंच. पेशीच्या अंगावर बोटांसारखं काहीतरी असतं. विषाणूची बोटं त्याच्याशी जुळली की दार उघडतं."

अमेरिकेत आपलीच पद्धत चालते हे ऐकून मी गळ्याभोवतीच फुगलो.

"चांगल्या पेशीची बोटं बी तशीच निघाली तर?" मालकांनी विचारलं. व्यापारी माणूस!

"तिथंच तर घोडं अडलंय. अजून नुसते प्रयोग आहेत, अण्णा. गाठ असलेल्यानं त्याची वाट बघत बसू नये."

माणसाची एक गंमत मी पाहिली आहे. हवं ते वाक्य त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतं आणि नको असलेलं कानाशी बोललं तरी येत नाही. मालकांनी त्यातलं एवढंच धरलं, की सर्दीनं गाठ जाते. आपल्याकडचा जंतू शिकवलेला नसेल, पण जातीनं तर तोच! दुसऱ्या दिवसापासून ते पेढीवर शिंकणारी माणसं हुडकू लागले.

तोलाई करणारा लालासाहेब नाक ओढत लांब बसला होता. मालक म्हणाले, "लालासाब, जवळ बसा की."

"नगं मालक, लय सर्दी झालीया."

"म्हणून तर म्हणतोय! हिकडं तोंड करून शिंका."

लालासाहेबानं त्या दिवशी काटा दोनदा चुकवला.

शेवटी मालकांना मनासारखी सर्दी झाली. त्या आनंदात घरी येऊन त्यांनी अशी काही शिंक दिली, की मी दोन वेढ्यांसकट सुटून चंदनबालाकाकूंच्या पायाशी पडलो. काकूंनी वर बघितलं.

"आवं, ही गाठ कवापासनं हाय?" त्यांच्या हातातली परात खाली आली. ब्राह्मी बापाकडं बघतच राहिली. ते गिऱ्हाईक कोण, हे तिला आता कळलं.

मिरजेच्या दवाखान्यात तपासणी झाली. कॅन्सरच निघाला. तिथल्या सर्जन डॉक्टर नीलिमा, म्हणजे आमच्याच बाजारातल्या हमाल केरूची लेक. केरूनं तिला अंक शिकवले तेच मुळी टॉवेलखालच्या बोटांवर. ती म्हणाली, "आदगोंडाकाका, गाठ काढायला पाहिजे."

"चाकू न्हाई. ते शिकवलेलं जंतू येऊ दे सांगलीला. मी थांबतो."

ती समजावू लागली. मालकांनी मला गळ्यातनं काढलं आणि पुढं धरलं. "तोंडानं नगं, बाई. हात द्या. ते औषध किती वर्षांनी येणार?"

डॉक्टरांनी हात आत घातला. पाची बोटं धरली. पुन्हा पाची धरली. मग सगळी सोडून दिली. पाच, दहा, पुढं सांगता येत नाही.

"आन् ही गाठ किती म्हयनं थांबंल?"

डॉक्टरांनी एकच बोट धरलं. तेही अर्धं.

मालकांचा चेहरा अजूनही देवळात बसल्यासारखाच होता. पण खाली त्यांनी डॉक्टरांचं ते अर्धं बोट सोडलंच नाही. इतक्या सौद्यांत भाव कळल्यावरही बोट धरून बसलेले मालक मी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी वाचेन का, हा तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. डॉक्टरांनी त्यांचा सगळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला. हा कुठला आकडा, मला सांगता येणार नाही. आमच्या बाजारात तो चालत नाही.

"ठरलं," मालक म्हणाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मालक उघड्या मानेनं बाजारात बसतात आणि टाक्यांची खूण न विचारणाऱ्यालाही दाखवतात. ब्राह्मी पुण्यात त्या विषाणूच्या बोटांवरच अभ्यास करते. शिकवलेला जंतू अजून सांगलीला आलेला नाही. येईल त्या दिवशी मी त्याला माझ्याखाली जागा देईन.

मी आता विरलोय, काठ सुटलेत. जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्या गळ्यात माझ्यासारखा कुणी असेल आणि त्याच्याखाली गाठ असेल, तर त्याला आजच खाली उतरवा. भाव सांगा, आम्ही मरेपर्यंत लपवू. गाठ लपवायला लावू नका.