झेंडूच्या वाट्याचं ताजं पाणी

मी झेंडू बोलतोय. फूल नव्हे, मासा. गोल्डफिश म्हणतात आम्हाला, पण ते नाव या घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. घर फुलांची शेती करणाऱ्यांचं. घरच्या लेकीनं, प्रणालीनं, माझं नारिंगी अंग पाहिलं आणि मला झेंडू करून टाकलं. माझ्यासोबत एक पांढरट-पिवळी मासोळी आली होती, ती झाली शेवंती. ती आता नाही. का नाही, तेच सांगायला आज तोंड उघडलंय. एरवी मी तोंड उघडतो ते श्वासासाठी किंवा खाण्यासाठी.

लोक म्हणतात, माशाला काही आठवत नाही. काचेची एक फेरी मारली की मागचं सगळं पुसलं. म्हणोत बापडे. मला सिमेंटचा तो हौद आठवतो, जिथं मी अंड्यातून निघालो. दोन दिवस हेलकावे खात आलो ती पाण्याची पिशवी आठवते, अकोल्यातलं नितेशचं माशांचं दुकान आठवतं. आणि तिथून प्रणालीच्या मांडीवर बसून या घरी आलो तेही आठवतं. तिची आई मैनाबाई दारातच म्हणाली होती, "खायाचे नाई, विकायचे नाई, मंग आनले कायले?" आठ दिवसांत तीच आमच्याशी गप्पा मारायला लागली.

प्रणाली होती तोवर आमचं बरं चाललं होतं. आमच्या वस्तीत नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे घरात ड्रम, माठ, घागरी, सगळं भरून ठेवलेलं. दर रविवारी ती आमच्या काचेच्या पेटीतलं दोन लोटे पाणी काढायची आणि अंगणातल्या ड्रममधलं दोन लोटे टाकायची. बस. चिमूटभर दाणे द्यायची आणि पुस्तक घेऊन समोर बसायची. तीन वर्षांत शेवंतीला किंवा मला साधी शिंकही आली नाही. माशांना शिंक येत नाही हे मला माहीत आहे, पण बोलायची एक रीत असते.

मग ती नर्सिंगच्या शिक्षणासाठी अमरावतीला गेली. जाताना आईला म्हणाली, "आई, हप्त्याले दोन लोटे पानी बदलजो. ड्रममधलं. जास्ती काई करू नको."

"दोन लोटे? येवढुसं?" मैनाबाई म्हणाली. "जाय तू बिनघोर. पोटच्या पोरायसारखे ठेवतो त्यायले."

आणि तिनं ठेवलं. तिथंच घात झाला.

नळ आला की मैनाबाईच्या अंगात येतं. आदल्या आठवड्याचं पाणी तिच्या लेखी शिळं. ते झाडांना जातं, भांड्यांना जातं. पाहुण्याला शिळं पाणी द्यायची वेळ आली तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नळाचं पहिलं पाणी देवाचं, असा या घरचा नेम. प्रणाली गेल्यावर तिनं नेम वाढवला. पहिलं देवाचं, दुसरं आमचं, मग माणसांचं. स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची, पण आमची पेटी काठोकाठ भरायची.

आम्हाला घमेल्यात काढायचं, पेटीतलं सगळं पाणी जास्वंदीला ओतायचं, काच आणि गोटे काथ्यानं घासघासून चकाचक करायचे आणि नळाचा पाइप थेट आत सोडायचा. पाणी असं स्वच्छ की आरपार दिसावं, आणि अंगाला लागलं की कल्ल्यांत मिरची गेल्यासारखं व्हावं. आम्ही या काचेवरून त्या काचेवर धडका द्यायचो. मैनाबाई काचेला गाल लावून म्हणायची, "पाय कसे नाचून राह्यले. खुश झाले बापा." अहो बाई, आम्ही जीव घेऊन पळत होतो.

दोन महिन्यांत शेवंतीनं मान टाकली. आधी तिचे पर अंगाला चिकटले. मग शेपटीत लाल रेघा दिसायला लागल्या. सारखी वर येऊन हवा गिळायची, मधूनच गोट्यांवर अंग घासायची. शेवटी अंगावर मिठाचे दाणे टाकल्यासारखे पांढरे ठिपके आले, तेव्हा कुठं घरच्यांच्या लक्षात आलं. मला राग येतो तो याचा. ती पंधरा दिवस सांगत होती. पण ते बघायला पेटीसमोर घडीभर बसावं लागतं, आणि प्रणाली गेल्यापासून समोर बसायला कोणाला वेळच नव्हता.

मैनाबाईचे मालक नत्थुजी शेतातून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "रोग हाये. डोस द्या लागते." फुलांवर माव्याची कीड आली की ते जसे निघतात, तसे निघाले आणि निळं औषध घेऊन आले. बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी. त्यांनी अंदाजानं झाकणभर ओतलं. दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून दुसरं औषध, तिसऱ्या दिवशी तिसरं. फवारणी केली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची त्यांची सवय आहे. पेटीत औषध टाकलं तरी त्यांनी फुली मारली.

त्यानंतर चार दिवसांनी नळ आला. मैनाबाईला शेवंतीची दया आली आणि तिनं सगळं पाणी ताजं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती आडवी झाली. मी तिला तोंडानं ढोसलं, पण ती हलली नाही. नत्थुजींनी तिला जास्वंदीखाली पुरलं.

दोन दिवसांनी प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. "शेवंती कुठी हाये? दिसत नाई."

"हे काय, गोट्याच्या मांगं बसली," मैनाबाई म्हणाली आणि तिनं फोन माझ्याकडे वळवला. आता मी काय करणार? दोन फेऱ्या मारल्या. त्यानंतर प्रत्येक कॉलला शेवंती गोट्यामागंच बसलेली असायची.

पुढचा नळ आला, त्याच्या पुढचा आला, आणि माझे पर चिकटले. शेपटीत तशाच लाल रेघा, मग ठिपके. प्रणाली पोळ्याला येणार होती, त्याला जेमतेम पंधरा दिवस होते. नत्थुजी बाटली घेऊन आले तेव्हा मैनाबाई आडवी आली.

"हात नोका लावू. येक गेली ना तुमच्या डोसानं? हा बी गेला तर पोट्टीले कोनतं तोंड दाखवू मी?"

"मंग नुसतं पायत राहू काय?"

"हो. पायतोच आता," ती म्हणाली. दुपारी शेवंतीच्या फुलांची टोपली घेऊन ती माझ्यासमोर बसली. हार ओवायची आणि माझ्याकडे बघायची. प्रणालीनंतर पहिल्यांदाच कोणी असं बसलं होतं.

माझ्या डोक्यावरच ते कॅलेंडर. नळ येतो त्या तारखेला मैनाबाई पेनानं गोल करते, कारण तोच तिचा सण. ओवता ओवता तिची सुई थांबली. ती उठली, पान उलटलं, मागचा महिना पाहिला, पुन्हा उलटलं. शेवंतीच्या औषधाच्या तीन फुल्या गोलाला लागूनच पुढं. शेवंती गेली तीही पुढच्या गोलाच्या दुसऱ्याच दिवशी. आणि माझे पर चिकटले तेही परवाच्या गोलानंतर. तिनं हातातला हार टोपलीत टाकून दिला.

मग कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि ऑटो धरून नितेशच्या दुकानात गेली. परत आली ती दारातूनच नत्थुजींना सांगत.

"नळाच्या पान्यात जंतू मारायचं औषध राह्यते. आपल्याले चालते, माशाले नाई चालत. ते उघड्यावर दोन-चार दिवस ठेवलं का उडून जाते. आन् सारं पानी काढून काच घासली का त्यायचे चांगले जंतू बी मरते. नितेश म्हने, काकू, माशाच्या आधी पान्याची तब्येत पाहा लागते." मग आवाज खाली आला. "तुमच्या डोसानं नाई हो गेली ते. आधी म्याच आजारी पाडली तिले. ताज्या पान्यानं."

"डोस बी अंदाजानंच टाकला ना म्या," नत्थुजी म्हणाले आणि ती बाटली त्यांनी फळीवर उंच ठेवून दिली.

मग माझं पथ्य सुरू झालं. ड्रममधल्या पाण्याचा टब, त्यात नितेशनं सांगितलेल्या मापानं जाडं मीठ, दोन दिवस उपास आणि रोज थोडंसंच पाणी बदलायचं. उपास मला मुळीच आवडला नाही, पण दहाव्या दिवशी ठिपके गळायला लागले आणि मला पेटीत परत आणलं.

काल प्रणालीचा फोन आला. मैनाबाईनं या वेळी फोन माझ्याकडे वळवला नाही.

"शेवंती गेली, बाई. महिना झाला. मी तुले खोटं बोलली. म्याच मारली तिले."

प्रणाली म्हणाली, "दोनच लोटे काहून, ते म्या तुले कधी सांगतलंच नाई, आई."

आता माझं सांगतो. शेपटीची कड झडून गेली आहे आणि डावा कल्ला अजून नीट उघडत नाही. सकाळी कधी कधी तळाशी पडून राहतो. प्रणाली परवा येते आहे, तोवर टिकेन असं वाटतं, पण खात्री देत नाही. तुमच्या घरी आमच्यातलं कोणी असेल तर एवढंच करा. औषधाच्या बाटलीकडे हात जायच्या आधी घडीभर समोर बसा. आम्ही बोलत नाही, पण लपवतही नाही.

आज नळ आला. बाहेर पाणी ओढायच्या मोटारींचा गलका सुरू झाला, मैनाबाई पदर खोचून पाइप घेऊन आत आली. देवाचा कलश भरला. सवयीनं तिचा हात माझ्याकडे वळला आणि पेटीच्या काठावर थांबला. पाइप तिनं माठात सोडला. मग अंगणात जाऊन ड्रममधलं आठ दिवसांचं जुनं लोटाभर पाणी आणलं, आणि शरमेनं माझ्याकडे न बघता, काचेच्या कडेनं हळूहळू ओतलं.

"शिळंच हाये बापा," ती म्हणाली. "गोड मानून घे."

मी वर आलो आणि एक घोट घेतला. कल्ल्यांना काही झोंबलं नाही.