दुसऱ्या तुक्ताचं रक्त

थायलंडातल्या हातयाई शहरात कागदावरचं नाव विचारतात ते फक्त पोलीस. बाकी सगळा कारभार लाडाच्या नावावर चालतो. नरुमोन मॅडमच्या सौंदर्य क्लिनिकातही तेच. नर्स कन्निका रक्ताच्या नळीवर तेच नाव लिहायची, आणि त्या दुपारी नेमक्या दोन तुक्ता आल्या. तुक्ता म्हणजे बाहुली. घरोघरी एक असतेच.

पहिली ओली बाळंतीण, मुठी मुठीनं केस गळत होते. दुसरी चाळिशीची, गालावरच्या खड्ड्यांसाठी आलेली. काम तसं सोपं. रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर येणारं पिवळं पाणी ज्याचं त्यालाच टोचायचं. यंत्राचा तोल राहायला समोरासमोर दोन नळ्या लागतात. दुसरी साध्या पाण्याची ठेवायची असते. पण मॅडमचा हुकूम होता, "पाणी फिरवत काय बसतेस? दोन गिऱ्हाइकं एकदम उरक." कन्निकानं उरकलं. चांगली शिकलेली बाई, पण अक्कल गहाण टाकलेली.

पहिलीच्या डोक्यात सुया टोचून झाल्या, ती घरीही गेली. मग कन्निकानं उरलेली नळी उचलली आणि उजेडात धरली. आतलं पाणी स्वच्छ पिवळं होतं. मघाचं दुधाळ होतं.

"ताई, जेवून आलात का?" तिनं खुर्चीतल्या दुसऱ्या तुक्ताला विचारलं.

"आडवा हात मारून आलेय. डुकराच्या तंगडीचा भात, वर अंडं. का गं, रिकाम्या पोटी चक्कर येते ना?"

तेलकट जेवलं की रक्तातलं पाणी दुधाळ होतं. म्हणजे मघाशी टोचलं ते हिचं होतं.

"ताई, रक्तातून पसरणारा काही आजार आहे तुम्हाला?" खरं तर हे आधीच तपासायला हवं होतं.

बाईचं हसू मावळलं. "एचआयव्ही आहे," ती हळूच म्हणाली. "बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडल्या. आधी सांगितलं असतं तर हात लावला असतास? मागे एका दवाखान्यात मी उठल्यावर खुर्ची धुऊन काढली होती."

कन्निकाला तिचा राग आला नाही. स्वतःची मात्र किळस आली. तिनं सुई टाकून दिली आणि आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं.

"त्या पहिलीला काय स्वप्न पडणार आहे?" मॅडम म्हणाल्या. "तोंड बंद ठेव. लायसन आधी तुझं जाईल."

"लगेच गोळ्या चालू केल्या तर ती वाचेल, मॅडम."

"आणि मी?"

कन्निकानं तिथेच, त्यांच्यासमोर फोन लावला.

"बोला ताई," पहिली तुक्ता म्हणाली. "डोकं ठणकतंय जरा, पण केस येणार ना आता?"

"तुक्ता, नीट ऐक. चूक माझी आहे. तुला दुसऱ्या बाईचं रक्त टोचलं गेलंय आणि तिला एचआयव्ही आहे. आत्ताच्या आत्ता सरकारी इस्पितळात ये, मी दारात थांबते. औषध आहे. लगेच घेतलं तर बहुतेक टळतं."

 पलीकडून नुसता चुटूचुटू आवाज येत होता.

"बाळ कुठंय तुझं?"

"अंगावर पितंय."

 "सोडव त्याला. दुधातूनही जातं ते."

बाळानं टाहो फोडला. त्या रडण्यातूनच तुक्ता विचारत होती, "ताई, पण त्याला भूक लागलीय. अहो ताई, मी त्याला काय देऊ?"