मांजर म्हणजे अर्धा कुत्रा नव्हे

मी बोका बोलतोय, आणि आधीच सांगतो, गोड बोलणार नाही. फाटक्या कानाचा दांडगा गडी मी, आणि नाव काय ठेवलंय, तर पफ! पण तो राग जुना. आजचा वेगळा आहे.

माझा जन्म मासेमारीच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगात झाला. रॉय नावाच्या कोळ्याने मला कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. रॉय वारला, तेव्हापासून त्याची बायको ग्लेनिस आणि मी, अशी दोघंच. ती टोस्ट खाते, मी वरचं लोणी चाटतो. ती टीव्हीशी भांडते, मी अंगणातल्या काकाकुव्यांशी. बरं चाललं होतं.

मग गोचिडींचे दिवस आले. आमच्या किनाऱ्यावरची गोचीड भलतीच वाईट, चावली की जनावराचे पाय लुळे पडतात. मांजराचं औषध महाग आणि ग्लेनिसची पेन्शन तुटपुंजी. कुंपणापलीकडे ट्रेव्ह राहतो. त्याच्याकडे एक कुत्रा आहे आणि साऱ्या जगाचं शहाणपण. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "अगं, दुकानदारांची धन कशाला करतेस? ही घे, माझ्या कुत्र्याच्या औषधाची नळी. अर्धी लाव. मांजर म्हणजे काय, अर्धा कुत्राच की!"

दोघंही हसली. ग्लेनिसने माझ्या मानेवर अर्धी नळी पिळली. औषधाच्या खोक्यावर मांजराचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली होती. पण खोकं ट्रेव्हने कधीच फेकून दिलं होतं.

संध्याकाळपर्यंत माझे कान फडफडू लागले, मग पाय, मग सगळं अंग. तोंडाला फेस आला. ग्लेनिसने मला टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठला. तिथल्या पोरीने आधी काय विचारावं? "अनामत किती भरताय?" इथे माझा जीव चाललाय आणि ही कार्डाचं मशीन पुढे करतेय!

डॉक्टरीण बाई निदान खरं बोलली. "हे त्याच्यासाठी विष आहे. सलाइन लावावं लागेल, झटके थांबवायला हवेत, काही दिवस इथेच ठेवावं लागेल. खर्च फार येईल. नाहीतर सुई देऊन त्याला शांतपणे, कायमचं झोपवता येईल. तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

"झोपायला त्याला दवाखाना कशाला लागतो?" ग्लेनिस म्हणाली. "घरी दिवसभर तेच करतो तो." आणि ढसाढसा रडत तिने कार्ड मशीनला लावलं.

मी वाचलो. बिल मात्र हप्त्यांवर उरलं. तेव्हा ट्रेव्ह पुढे सरसावला. दर शुक्रवारी आमच्या बोलिंग क्लबात मांसाच्या थाळीची सोडत असते; लोक तिकिटं घेतात, ज्याचं निघेल त्याला थाळी. या खेपेची सोडत त्याने माझ्या नावाने ठेवली, जमतील ते पैसे माझ्या बिलाला. मला पिंजऱ्यासकट टेबलावर मांडलं, शेजारी चॉप्स आणि सॉसेजेस. वासाने जीव कासावीस झाला, पण कुणी तुकडा देईल तर शपथ!

"गोचीड चावली बिचाऱ्याला!" ट्रेव्ह तिकिटं फाडत ओरडत होता. लोक त्याची पाठ थोपटत होते. ज्याने विष दिलं तोच देवमाणूस! मी पिंजऱ्यातून फिस्कारलो, तर म्हणे, "बघा, ओळखतोय मला." ग्लेनिस मान खाली घालून बसली होती. तिचा मला सगळ्यात जास्त राग आला.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली डोना म्हणाली, "ट्रेव्हनेच मला बाई स्वस्तातला उपाय सांगितला. आजच घेतली नळी. घरी गेले की अर्धी लावते माझ्या मांजरीला, मिलीला."

ग्लेनिस ताडकन उठली. "लावू नकोस! याला गोचीड नाही चावली. तीच नळी लावली मी, या हातांनी. ट्रेव्हने सांगितलं आणि मी लावली."

ट्रेव्ह लालबुंद. "मला वाटलं होतं, की..."

"वाटलं मलाही होतं, ट्रेव्ह," ती म्हणाली.

डोनाने पर्समधून नळी काढून टेबलावर ठेवली.

माझा मागचा पाय अजून थरथरतो. पूर्वी एका उडीत कुंपण गाठायचो, आता खुर्चीवर चढतानाही घसरतो. ट्रेव्ह शनिवारी खिमा घेऊन येतो आणि खाली मान घालून दाराशी ठेवतो. मी खातो. खाल्ला म्हणजे माफ केलं, असं त्याने समजू नये.

तुमच्याही कपाटात कुत्र्याच्या औषधाची एखादी अर्धी नळी पडली असेल. उरलेली अर्धी कुणासाठी ठेवलीय, ते आत्ता उठून बघा.