'गो' म्हणेपर्यंत

पडदेवाल्याच्या डोक्यात इंग्रजी काही केल्या शिरत नव्हतं, आणि ते शिरल्याखेरीज नोकरी टिकणार नव्हती. थिएटर नव्या मालकांनी घेतलं होतं. आता सगळ्या सूचना हेडसेटवरून इंग्रजीत येणार होत्या. ज्याला कळणार नाहीत त्याला नारळ. नव्या मॅनेजरबाईंनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, पडदा ओढण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? भीतीने त्याला जेवण जाईना.

शिकवायला बसली त्याची ताई. ती त्याच थिएटरातली नटी. त्याला तिथे चिकटवला होता तोही तिनेच. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती त्याला फैलावर घ्यायची.

"अपस्टेज म्हणजे?"

"वर."

"कपाळ माझं! मागे. मागच्या भिंतीकडे. वर काय, छपरावर चढू मी?"

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "नाही गं जमत, ताई. हाकलणार मला."

"रडतोस काय मेल्या? पुन्हा म्हण."

'ब्रेक अ लेग' म्हणजे शुभेच्छा, हे ऐकून तर तो हबकलाच. पाय मोडो म्हणायचं? सख्ख्या बहिणीला? "म्हणायचं, आणि हसून म्हणायचं," ताईने दटावलं. 'ड्राय' म्हणजे नटाला ओळ न आठवणं, हे मात्र तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं आणि गॅस उगाचच बारीक केला.

हल्ली तिला ओळी आठवत नसत. ओळ आठवेनाशी झाली की तिचा हात मागे जाऊन खुर्ची चाचपू लागे. विंगेतून तो हात दिसला की हा पडदा टाकी. लोकांना वाटे, प्रवेश संपला. आत कुणीतरी तिला ओळ सांगे, हा पाणी पाजी आणि पडदा पुन्हा वर. याबद्दल दोघं कधी बोलली नव्हती.

"आणि हे नीट ऐक," ताई म्हणाली. "स्टँडबाय म्हणजे दोर धर. होल्ड म्हणजे थांब. गो म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. मी तिथे मरून पडले तरी."

"अभद्र बोलू नकोस."

"म्हण आधी."

"गो म्हटल्याशिवाय नाही."

पहिल्या प्रयोगाला नवे मालक पुढच्याच रांगेत बसले होते. "ब्रेक अ लेग," तो विंगेत पुटपुटला. ताईने खुशीत त्याचा गालगुच्चा घेतला.

दुसऱ्या अंकात तिचा हात मागे गेला आणि खुर्ची चाचपू लागला.

"शी इज ड्राय," हेडसेटमध्ये मॅनेजरबाई म्हणाल्या. "स्टँडबाय कर्टन. होल्ड."

शब्द न् शब्द त्याला कळला. कळल्याचा क्षणभर आनंदसुद्धा झाला, आणि त्या आनंदाची त्याला जन्मभर लाज वाटणार होती. आतून कुणीतरी ओळ पुरवली. ताईला ती पोचली नाही. पुन्हा पुरवली. ताईने मान वळवून सरळ त्याच्याकडे बघितलं.

"होल्ड," कानात आवाज आला.

त्याने दोर घट्ट धरला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग मागेही हसू पसरलं. ताई दिव्यांच्या उजेडात तशीच उभी राहिली, वाट चुकलेल्या पोरीसारखी. पडदेवाल्याचा हात हलला नाही.

"गो."

पडदा पडला. मॅनेजरबाई धावत आल्या. "व्हेरी गुड! तुमची नोकरी पक्की," त्या त्याला म्हणाल्या, आणि दबक्या आवाजात कुणाला तरी सांगितलं की बाईंना घरी सोडा, उद्यापासून दुसरी नटी बघू.

ताई त्याच्यापाशी येऊन थांबली. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळला होता.

"ताई, त्या वेळेवर गो म्हणाल्याच नाहीत गं," तो कसंबसं बोलला.

दोरावर आवळलेल्या त्याच्या मुठीवर तिने हात ठेवला.

"शिकलास रे," ती म्हणाली. "सोड आता."

त्याची मूठ काही सुटेना.