देल्मिराच्या पुंजीचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना केस वाळवायचा ड्रायर आहे. उंच दांड्यावर बसवलेला, बाईचं अख्खं डोकं आत मावेल एवढ्या टोपाचा. माझा जन्म रोसारिओ शहरातल्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं कोंकोर्दिया गावात, देल्मिराच्या पार्लरमध्ये. पहिली तीन वर्षं मी इमानाने केस वाळवले. बायका माझ्याखाली बसून सासवांची उणीदुणी काढत आणि मी गरम हवा सोडत असे.

मग २००१ साली आमच्या देशातल्या बँकांनी लोकांच्याच पैशांना कुलूप घातलं. देल्मिराचा बँकेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. आमचं चलन रोज घसरे, म्हणून चार पैसे गाठीला जमले की ती शंभर डॉलरची नोट विकत आणी आणि माझं मागचं झाकण उघडून आत सरकवी. नोटा जळू नयेत म्हणून माझ्या गळ्यात पाटी आली, 'बिघडला आहे'. एकवीस वर्षं मी धडधाकट असून आजाऱ्याचं सोंग घेतलं. नवी गिऱ्हाइकं मला भंगारात काढायचा सल्ला देत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्रेपन्नाव्या वर्षी देल्मिराचं लग्न ठरलं. नवरा रामिरो, स्पेनमधल्या विगोचा विधुर, जहाजावरचा निवृत्त स्वयंपाकी. माझ्या पोटात तेव्हा आठ हजार सहाशे डॉलर होते.

"माणूस देवासारखा आहे," ती धाकट्या बहिणीला, ओल्गाला म्हणाली, "पण साधा कंगवा घ्यायचा झाला तरी मी त्याच्यापुढे हात पसरणार नाही. तिथे माझं स्वतःचं दुकान हवं."

"ताई, पण नेणार कसे?"

"कमरपट्ट्यात शिव," जुनं गिऱ्हाईक एल्साआजी म्हणाली. "माझी आई इटलीहून तशीच आली."

"आजी, दहा हजारांपर्यंत उघड नेता येतात. कायदा आहे," गावच्या नोटरी विल्माबाई म्हणाल्या.

"कुलूपसुद्धा कायद्यानेच घातलं होतं!" आजी फणकारली.

कोपऱ्यावर डॉलर विकणाऱ्या फाबियानने वेगळीच भीती घातली. "बहुतेक नोटा जुन्या आहेत, ताई. यांच्यावरच्या चित्रातलं तोंड लहान. परदेशात कुत्रं विचारणार नाही. मोठ्या तोंडाच्या देतो, शंभराला आठ कमी." आमच्या गावात हे सगळेच खरं मानतात. देल्मिराने पाचशेहून जास्त डॉलर मुकाट्याने सोडले, उरलेले कमरपट्ट्यात शिवले आणि ती गेली. मी रिकामा झालो. पार्लर ओल्गा चालवू लागली.

तीन आठवड्यांनी ओल्गाच्या फोनवर देल्मिराचा आवाज आला. "अगं, बँकेतल्या पोरीने नोटेवरचं तोंड बघितलंसुद्धा नाही! इथे लहानमोठं सगळं सारखंच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, बाई, पैसे आणले कुठून? म्हटलं, केस कापून. म्हणाली, तसा कागद दाखवा. कागद कुठला गं? रामिरो म्हणतो, राहू दे, मी आहे ना. तेच तर नको होतं मला." पुढे नुसतं रडणं ऐकू आलं.

प्रत्येक नोट माझ्यादेखत आली होती. पण मला कोण विचारतो, आणि मला सही येते कुठे!

विल्माबाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. तशाच उठल्या. "ओल्गा, कागद आण. आणि गिऱ्हाइकांना बोलाव, एकूण एक."

तीन दिवस बायका येत राहिल्या. कोणी किती वर्षं देल्मिराकडे केस कापले आणि रोख पैसे दिले, ते प्रत्येकीने लिहिलं. आपण कधी उधारी ठेवली नाही, असं एल्साआजीने ठणकावून लिहायला लावलं. ओल्गाने ओठ चावला, पण लिहिलं. एक्केचाळीस सह्या झाल्या. विल्माबाईंनी शिक्का मारला आणि छदामही घेतला नाही.

महिन्याने देल्मिराचा पुन्हा आवाज आला. "कागद पोचले, पैसे जमा झाले! खात्यावर नाव एकटीचं. रामिरो विचारतो, माझं का नाही घातलंस? म्हटलं, तू कधी एल्साआजीचे केस कापले होतेस?"

पार्लरभर हशा पिकला. ओल्गा हसता हसता डोळे पुसत होती.

मित्रांनो, बाईने आपली कमाई कुठे ठेवली आहे, ते कुणाला सांगू नका. पण ती तिने स्वतः कमावली, हे चारचौघांत सांगत राहा; तिला त्याचा कागद लागेल तेव्हा सही करायला जा.