बघण्याच्या दिवशी पाथरी

विशाखा फोनवर एरवी मोजकंच बोलायची, पण संघपालशी बोलताना तिची जीभ सैल सुटली. मुलगा सिल्लोडचा, बँकेत नोकरीला, अजून फोटोतच पाहिलेला. चाळीस मिनिटांतली पस्तीस दोघं पाथरीवर बोलले. ही रानभाजी कुणी लावत नाही, आपली आपण उगवते, वरून छाटली तरी मुळातून पुन्हा फुटते आणि भाकरीबरोबर कच्चीच खातात. मी डोळे मिटून ओळखतो, असं तो म्हणाला. रविवारी या, आमच्या अंगणातली खाऊ घालते, असं ही म्हणून बसली.

रविवारी सकाळी तिचे वडील साहेबराव यांनी, पाहुण्यांपुढं शोभा नको म्हणून, खुरपं घेऊन अंगण लख्ख केलं. उपटलेली पाथरी शेजारच्या शेळीनं फस्तही केली. आता आली का पंचाईत! मुलगा तिला मनापासून आवडला होता आणि त्याला दिलेला पहिलाच शब्द खोटा ठरणार होता. तिनं नव्या साडीचा पदर खोचला, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटी काढली.

लष्करी छावणीमागच्या, पावसानं ओल्या झालेल्या मोकळ्या रानात कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उकिडवा बसून मोबाइलमधल्या फोटोशी पानं जुळवत होता. रुमालात सगळं कोवळं गाजरगवत. विशाखानं त्याला फोटोवरून लगेच ओळखलं. तिचे मात्र त्याला नुसते डोळे दिसत होते. ओठावर आलेलं 'दादा' तिनं वेळीच गिळलं.

"हे खाल तर आठ दिवस खाजवत बसाल," ती म्हणाली.

तो ओशाळला आणि मग भडाभडा सगळं सांगून मोकळा झाला. मुलगी बघायला आलोय, आईवडिलांना रिक्षानं पुढं धाडलंय. क्वार्टरात वाढलो, पाथरी जन्मात पाहिली नाही. तिचं बोलणं थांबू नये म्हणून फोनवर थाप मारली.

विशाखानं जमिनीला चिकटलेलं एक दातेरी पान तोडलं. देठातून पांढरं दूध आलं. दूध आलं की पाथरी, तिनं शिकवलं. त्यानं पान चावलं, तोंड वाकडं केलं आणि लगेच दुसरं तोडलं. ओंजळभर भाजी झाली तरी तिचा पाय निघेना.

"आन् मुलगी नाय म्हणाली तर?"

त्यानं आणखी एक पान तोडलं. "मग ही भाजी रोज खाईन. लई कडू लागंल, पण तिची आठवण तरी येईल."

विशाखाला इतका आनंद झाला की स्कार्फची गाठ सुटता सुटेना. सुटली तेव्हा संघपाल मागच्या मागं चिखलात बसला. त्याला हात देताना तीही घसरली.

"बसा मागं," ती स्कूटीकडं बोट दाखवत म्हणाली. "घरी सगळे वाट बघतायत."

दारात दोन्हीकडचे आईवडील उभे होते. मुलगी पुढं, मुलगा मागं, दोघं चिखलानं माखलेले आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं. साहेबरावांनी गोंधळून विचारलं, मुलगी बघायची ना अजून?

"बघितली," संघपाल म्हणाला. "तिला मी पसंत आहे का, तेवढं विचारा."

विशाखानं पाथरी आपल्या आईच्या ओंजळीत ठेवली.

"व्हय म्हण त्यांना," ती म्हणाली.